पांढरी फायनलला आहे

१

आमच्या विमानतळाला विमानतळ म्हणणं म्हणजे गॅलरीतल्या चार कुंड्यांना बाग म्हणण्यातला प्रकार आहे. एक धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर, त्याला चिकटून एक खोली, आणि वारा कुठून वाहतोय ते दाखवणारी, उन्हानं विटलेली एक कापडी पिशवी. टॉवर नाही. टॉवर नाही म्हटलं की लोकांचे डोळे मोठे होतात. मग कोणी कधी उतरायचं हे विमानांना सांगतं कोण? मी म्हणतो, विमानंच एकमेकांना सांगतात, आणि ते तुमच्या सोसायटीच्या पार्किंगपेक्षा बरं चालतं.

खरंच बरं चालतं. सगळ्यांची रेडिओची फ्रिक्वेन्सी एकच. जो हवेत आहे त्यानं बोलायचं: आधी मैदानाचं नाव, मग आपलं, मग आपण कुठे आहोत ते. उतरण्याआधी पट्टीभोवती एक चौकोनी फेरी मारायची असते. पट्टीला समांतर पण उलट्या दिशेनं जाताना 'डाउनविंड', डावीकडे वळलं की 'बेस', पुन्हा डावीकडे वळून पट्टी नाकासमोर आली की 'फायनल'. पुढे कोणी असेल तर आपण दोन नंबर, आपल्या मागे कोणी असेल तर तो तीन. नंबर मोठ्यानं सांगून घ्यायचा आणि घेतला की पाळायचा.

आमच्याकडे एक गोष्ट जास्तीची आहे. आमच्या पट्टीला मधोमध उंचवटा आहे. एका टोकाला उभं राहिलं की पलीकडचं टोक दिसत नाही, आणि अगदी खाली आलेल्या वैमानिकालाही ते उशिराच दिसतं. उंचवट्यामागे एखादं विमान टायर फुटून बसलेलं असेल तर मागच्याचं काही खरं नाही. म्हणून उतरलेल्यानं पट्टीवरून बाजूला झाल्यावर 'मोकळी' म्हणायचं, आणि ते ऐकल्याशिवाय मागच्यानं चाकं टेकवायची नाहीत. हा नियम कुठे छापलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला मी महिनाभर विमानाला हात लावू देत नाही.

मी इथे विमान चालवायला शिकवतो. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं विद्यार्थी माझ्या पाठीमागे म्हणतात आणि ते मला ऐकू येतं. माझं पालुपद एकच: रेडिओवर गप्प बसायचं नाही. कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं, नंबर मागितला तर सांगायचा, एकाचं दुसऱ्याला ऐकू गेलं नसेल तर मधल्यानं निरोप पोचवायचा. गप्प बसणारा स्वतः तर मरतोच, दुसऱ्यालाही घेऊन जातो.

त्या वर्षी माझ्याकडे माझी सख्खी भाची शिकत होती. लहानपणी गोलमटोल होती म्हणून घरात तिचं नाव ठमी पडलं. आता काडीसारखी झाली तरी ठमीच. मी ताईकडेच राहतो, त्यामुळे घरी मी 'मामा' आणि 'तू', विमानात मात्र 'सर' आणि 'तुम्ही'. ही अट तिनंच घातली होती. ताईनं तिला परवानगी देताना मला एवढंच सांगितलं, "शिकव, पण तिची काळजी मी करणार नाही हां. ती तू करायची. रोज." मी हो म्हटलं होतं.

२

आमच्याकडे विमानांनाही रंगावरून हाक मारायची पद्धत आहे. विमानाला आम्ही गाडीच म्हणतो, म्हणून शिकवणीचं विमान ते 'पिवळी', दातांच्या डॉक्टरचं विमान ते 'निळी'. पांढरं विमान आमच्याकडे नाही.

त्या सकाळी हवा स्वच्छ होती. ठमी चालवत होती, मी शेजारी बसून तिच्या चुका मोजत होतो आणि त्या सापडत नव्हत्या म्हणून जरा वैतागलो होतो. तिनं व्यवस्थित सांगितलं, "पिवळी, डाउनविंड, एक नंबर."

लगेच आवाज आला, "पांढरी फायनलला आहे. एक नंबर. मागे कोण?"

वयस्कर माणसाचा आवाज. घाई नाही, कुरकुर नाही. बँकेतला एखादा जुना माणूस 'बसा ना' म्हणतो तसा. मी वळून फायनलची सगळी हवा डोळ्यांखालून घातली. एक घार होती, दुसरं काही नव्हतं.

ठमीचा अंगठा बटणावर गेला होता. मी तिला थांबवलं आणि स्वतः विचारलं, "पांढरी, कुठलं मैदान?" उत्तर नाही.

मग मला हसू आलं. त्यानं मैदानाचं नाव घेतलंच नव्हतं. आमची फ्रिक्वेन्सी आणखीही दोन-तीन लहान मैदानं वापरतात, आणि हवा एका विशिष्ट तऱ्हेची असली की लांबचे आवाज शेजारच्या खोलीत बोलल्यासारखे येतात. कुठला तरी म्हातारा आपल्या मैदानावर निवांत उतरत होता आणि आम्ही त्याला इथे शोधत होतो. मी ठमीला ते समजावलं, आणि नाव न घेणाऱ्या लोकांवर एक छोटं भाषणही दिलं.

उतरल्यावर खुर्चीचे पट्टे सोडता सोडता ती म्हणाली, "सर, पण त्याच्या आवाजामागे इंजिन नव्हतं."

"काय?"

"विमानातून बोलतो त्याच्यामागे घरघर असतेच ना. याच्यामागे काहीच नव्हतं. खोलीत बसून बोलल्यासारखा."

मुलीचा कान चांगला आहे, हे मला मान्य करावं लागलं. रात्रीपर्यंत मी ते विसरलोही असतो. पण आडवा झाल्यावर मला आठवलं, की अगदीच काही नव्हतं असं नाही. आवाजामागे, लांबवर, काहीतरी टकटकत होतं.

३

हँगरला चिकटून असलेल्या खोलीला आम्ही मोठ्या तोंडानं ऑफिस म्हणतो. एक टेबल, एक फिरती खुर्ची, पट्टीकडे उघडणारी खिडकी, भिंतीवर रेडिओचा संच आणि वर पंखा. हा पंखा फिरताना टकटकतो. एक टक, जरा दम, मग दोन टक. आमचा मेकॅनिक, ज्याला सगळे नटबोल्ट म्हणतात, तो अख्खं इंजिन उतरवून पुन्हा बसवतो, पण या पंख्याला हात लावत नाही. म्हणतो, उडणाऱ्या वस्तूंचं बोला.

काही दिवसांनी दुपारी मी आणि नटबोल्ट तिथे डबा खात होतो. हवेत कोणी नव्हतं. पिवळी हँगरमध्ये होती, निळीचा मालक कोणाच्या तरी दाढेशी झगडत असणार. तेवढ्यात भिंतीवरचा संच बोलला. या वेळी त्यानं आधी मैदानाचं नाव घेतलं. आमच्या.

"पांढरी, डाउनविंड. एक नंबर."

मी घास हातात घेऊनच खिडकीशी गेलो. आभाळ धुतल्यासारखं रिकामं. नटबोल्टही आला, हात डोळ्यांवर धरून बघू लागला. मी माइक उचलला.

"पांढरी, दिसत नाही आहात. कुठे आहात?"

"डाउनविंडला. आपण?"

"जमिनीवर. ऑफिसात."

"हो, ते आहेच," आवाज म्हणाला. "आपला नंबर?"

त्याच्यामागे टकटक होती. एक टक, दम, दोन टक. मी वर पाहिलं. मग भिंतीशी जाऊन पंख्याचं बटण बंद केलं. पाती हळू होत होत थांबली आणि खोलीत इतकी शांतता झाली की नटबोल्टचं चावणं ऐकू येऊ लागलं.

"आपला नंबर?" त्यानं पुन्हा विचारलं. त्याच्यामागचा पंखा चालूच होता.

मी संच बंद केला. माझ्या उभ्या आयुष्यात मी रेडिओवर कोणाला उत्तर दिलं नाही असं ते पहिल्यांदा घडलं, आणि त्याची लाज वाटली म्हणून मी नटबोल्टवर खेकसलो की डब्याचं झाकण लाव, माशा येतात.

"विचारत होता तर सांगायचा की नंबर," नटबोल्ट म्हणाला.

"जमिनीवरच्या माणसाला नंबर नसतो."

"ते त्याला सांगायचं ना. बिचारा वाट बघत असेल."

जगात टकटकणारे पंखे किती असतील, असं मी मनाशी म्हटलं. खोडसाळ माणसंही काही कमी नाहीत. कोणीतरी जुना संच मिळवला असेल, घरात बसून वेळ घालवत असेल. हे स्पष्टीकरण मला पटलं. पटवून घेतलं असं म्हणा. नंतर बरेच दिवस तो आवाज आला नाही, आणि डॉक्टरलाही कधी ऐकू आला नव्हता, त्यामुळे ते पटलेलं टिकलं.

४

पहिलं एकट्यानं उड्डाण हा शिकणाऱ्याच्या आयुष्यातला मोठा दिवस, आणि शिकवणाऱ्याच्या आयुष्यातला सगळ्यात निरुपयोगी. आपण खाली उतरायचं, आपल्या रिकाम्या जागेचा पट्टा नीट बांधायचा, दार लावायचं आणि बाजूला व्हायचं. पुढे जे काही व्हायचं ते आपल्याशिवाय होतं.

सकाळीच तिच्याबरोबर बऱ्याच फेऱ्या मारल्या होत्या. टाकीत पेट्रोल बेताचं होतं, पण एका फेरीला भरपूर. मी म्हटलं, "एकच फेरी. जा आणि ये."

"सर, तुम्ही घाबरलाय का?"

"मी तुझ्या आईला घाबरतो. निघ."

पिवळी उंचवट्यावरून धावत गेली, दिसेनाशी झाली आणि पलीकडून वर आली. मी पट्टीच्या कडेला हातातला रेडिओ घेऊन उभा होतो. नटबोल्ट जीपच्या बॉनेटवर बसला होता. ऑफिसची खिडकी आमच्या मागे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

ठमीनं आमच्या मैदानाचं नाव घेतलं, स्वतःचं घेतलं आणि म्हणाली, "डाउनविंड, एक नंबर." आवाजात आनंद मावत नव्हता.

"पांढरी फायनलला आहे," रेडिओ म्हणाला. "एक नंबर. मागे कोण?"

मी बटण दाबेपर्यंत तिनं उत्तर दिलंही होतं. मीच शिकवलं होतं तसं, न अडखळता.

"पिवळी. दोन नंबर."

"छान," तो म्हणाला.

५

"ठमी, फायनलला कोणी नाही," मी म्हटलं. "मला इथून सगळं दिसतंय. ये आणि उतर."

"हो सर. मलाही कोणी दिसत नाहीये. येते."

ती बेसला वळली, फायनलला वळली. सुरेख येत होती. माझ्या डोक्यावरून जाताना मला तिचा चेहरासुद्धा दिसला, जीभ दातांत धरलेली. आता चाकं टेकणार, आणि इंजिन एकदम गरजलं. पिवळीनं नाक वर केलं आणि पुन्हा आकाशात गेली.

"सर, उंचवट्यामागे काहीतरी आहे. पांढरं."

नटबोल्टनं मला काही विचारलं नाही. जीप घेऊन तो पट्टीवरून सुसाट उंचवट्यापलीकडे गेला आणि तसाच परत आला. खिडकीतून हात बाहेर काढून त्यानं नाही नाही केलं. पट्टीवर साधा दगडही नव्हता.

"पिवळी, पट्टी बघून आलोय," मी सांगितलं. "पट्टी मोकळी आहे."

"मोकळी मी सांगेन," तो आवाज म्हणाला. रागानं नाही. नियम माहीत असलेल्या माणसानं नवशिक्याला सांगावा तसा.

"सर, ते म्हणतायत अजून मोकळी नाही."

"मला ऐकू आलं. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. माझं ऐक. तिथे काही नाही. काही दिसलं तरी उतर."

ती पुन्हा आली. या वेळी आणखी खाली आली, चाकांची सावली पट्टीला लागली, आणि पुन्हा तेच. इंजिनाची गर्जना माझ्या छातीतून गेली.

"ते सरकलंय," ती म्हणाली. आता तिचा आवाज उंच लागला होता. "मघाशी आडवं होतं. आता माझ्याकडे तोंड करून आहे."

"कशाला तोंड आहे?"

"माहीत नाही. मी नीट बघितलं नाही. मामा, मला नाही बघायचं ते."

विमानात बसून ती मला पहिल्यांदाच मामा म्हणाली. दुसरं मैदान टेकड्यांच्या पलीकडे, आणि तिला आयुष्यात ही एकच धावपट्टी ठाऊक होती. आजूबाजूला शेतं, शेतांवर विजेच्या तारा. ती फेरीत होती आणि फेरीतून बाहेर पडायला एकच दार होतं, त्या दारात कोणीतरी उभं होतं. ती डाउनविंडला जायची, बेसला वळायची, फायनलला यायची, वर जायची. चौकोनाच्या चारही बाजूंनी मी मान फिरवत होतो. "पेट्रोल बघ," मी म्हटलं. ती जे म्हणाली ते ऐकून नटबोल्टनं टोपी काढून हातात घेतली.

६

पांढरीवाला मध्येमध्ये बोलत होता. "पांढरी फायनलला आहे. दोन नंबर, थांबा." आणि प्रत्येक वेळी मागे तो पंखा. एक टक, दम, दोन टक.

मी नटबोल्टला म्हटलं, "ऑफिसात जा. बघ कोण बसलंय."

"कुलूप आहे, सर. किल्ली माझ्याकडे."

"जा म्हणतो ना."

तो पळत गेला. मी रेडिओ कानाशी धरून उभा होतो.

"पांढरी फायनलला आहे," आवाज म्हणाला. त्याच्यामागे कुलपाचा खटका झाला. दार करकरलं. आणि मग त्याच रेडिओतून, त्या आवाजाच्या मागून, नटबोल्टचा दमलेला आवाज आला, "कोण आहे रे आत?"

"दोन नंबर, थांबा," आवाज म्हणाला.

मी वळून बघितलं. खिडकीत नटबोल्ट दिसत होता. तो सगळी खोली बघून खिडकीशी आला होता आणि काचेतून माझ्याकडे बघत हात हलवून सांगत होता, कोणी नाही. त्याच्या कोपराला लागून, बसलेल्या माणसाच्या उंचीवर, काहीतरी पांढरं होतं. त्याला चेहरा असेल तर तो वर, आकाशाकडे होता. पिवळी डाउनविंडवरून बेसला वळली तसं तेही हळूच वळलं.

मी पुढे बघितलं नाही. ठमीनं बघितलं नव्हतं, तसं मीही नीट बघितलं नाही.

त्या क्षणी मला फार विचार करता आला असं नाही. एवढंच आठवलं, की या माणसानं, किंवा जे काही होतं त्यानं, एकदाही नियम मोडला नव्हता. मैदानाचं नाव घ्यायचं राहिलं होतं, ते मी विचारल्यावर पुढच्या वेळी घेतलं. नंबर विचारला, थांबला. मी उत्तर दिलं नव्हतं. त्याचा एक प्रश्न माझ्याकडे बाकी होता.

मी बटण दाबलं. "पांढरी, आपल्या मागे पिवळी नाही. दोन नंबर मी आहे."

पंखा टकटकला.

"आपण जमिनीवर आहात," तो म्हणाला.

"असेन. पण आपण मला नंबर विचारला होता तो पिवळीच्या आधी. उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आता देतोय. दोन नंबर. पिवळीला रांगेत धरू नका."

नटबोल्ट अजून खिडकीत उभा होता, त्याला वाटत होतं मला त्याचा हात दिसला नाही.

"बरं," आवाज म्हणाला. "मग पिवळीला जाऊ द्या. आपण थांबा. मोकळी झाली की सांगेन."

"सर," ठमी म्हणाली, "पट्टी दिसतेय. पट्टीवर काही नाहीये."

"उतर, बाळा," मी म्हटलं.

पट्टीवरून बाजूला होता होताच इंजिन फडफडून बंद पडलं. ती खाली उतरली तेव्हा हसत होती. तिला जवळ घेतल्यावर माझ्या जिवात जीव आला, तरी ऑफिसच्या खिडकीकडे मी पाठच करून ठेवली होती.

७

मी तिला खोटं सांगितलं. पट्टी तापली की हवा थरथरते आणि पांढरं पांढरं दिसतं. पांढरीवाला लांबच्या कुठल्या मैदानावरचा म्हातारा, कानानं कमी, आपल्याशी गोंधळ घालत होता. मी त्याचं समाधान करायला काहीतरी बोललो. तिनं मानलं. नटबोल्टला मी गप्प राहायला सांगितलं, आणि त्याला तसंही खुर्ची खिडकीकडे वळलेली होती यापलीकडे काही दिसलं नव्हतं.

खरं का नाही सांगितलं? कारण रेडिओला घाबरलेला वैमानिक बटण दाबताना कचरतो. तो गप्प बसतो. आणि गप्प बसणाऱ्याचं काय होतं ते मी तिला पहिल्या दिवसापासून सांगत आलो होतो.

मी उडणं सोडलं. पाठीचं कारण दिलं. वर गेलं नाही तर उतरावं लागत नाही, इतका साधा माझा हिशोब होता. ठमी शिकत राहिली, परीक्षा पास झाली, आणि आता तीच तिथे शिकवते. माझ्यापेक्षा बरी शिकवते असं ऐकतो. ती रोज घरी येते तेव्हा मी विचारतो, "कोणी बोललं का रेडिओवर?" ती हसते. "मामा, रेडिओ त्यासाठीच असतो."

इतका काळ गेला आणि काही झालं नाही. मी धडधाकट आहे, जेवतो, झोपतो. एकच सवय लागली आहे. दाराशी आलो की मी थांबतो. स्वयंपाकघराच्या दाराशी, न्हाणीघराच्या दाराशी, लिफ्ट उघडली तरी लिफ्टच्या दाराशी. आत कोणी नसतं. दिसतं ना मला, कोणी नाही ते. तरी पाऊल पडत नाही. पुढे गेलेला अजून बाजूला झालेला नाही असं वाटत राहतं, आणि मी हातातला टॉवेल घेऊन माझ्याच घरात ताटकळत उभा असतो. सुरुवातीला क्षणभर थांबायचो. आता कधीकधी पाय भरून येतात.

ताईच्या लक्षात आलं आहे. परवा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "ये की आत. कोणाला वाट देतोयस रे?"

"कोणाला नाही."

"मग उंबऱ्यात उभा राहून काय ऐकतोस?"

मी काय ऐकतो ते मी तिला सांगितलं नाही. आमच्या घरातला एकही पंखा टकटकत नाही. सगळे मी स्वतः खाली उतरवून बघितले आहेत.

८

आज सकाळी ठमी नेहमीसारखी गेली. दुपारी मी पुढच्या खोलीत बसलो होतो. पाणी हवं होतं, पण पाणी स्वयंपाकघरात आणि मधे दार, म्हणून बसून राहिलो होतो. फोन वाजला.

"मामा, एक गंमत सांगू? तुझा पांढरीवाला आला होता आज."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अरे, तो नाही का, माझ्या पहिल्या उड्डाणाच्या वेळचा. कानानं कमी. इतक्या वर्षांनी. आवाज अगदी तसाच आहे हां, आणि बोलतो किती अदबीनं. तुझी चौकशी करत होता."

"तू कुठे आहेस?"

"ऑफिसात. आत्ताच खाली आले. ऐक ना. तो म्हणाला, पांढरी पट्टीवरून बाजूला झाली, मोकळी. दोन नंबरनं यावं. दोनदा म्हणाला. कोणीच उत्तर देईना. मला आठवलं, त्या दिवशी दोन नंबर तू घेतला होतास. म्हटलं, दोन नंबर रेडिओवर नाहीत, घरी आहेत, मी निरोप पोचवते. तर म्हणाला, पोचवा, ते दाराशीच थांबलेले असतील."

तिच्या आवाजामागे पंखा होता. एक टक, दम, दोन टक. ऑफिसातला पंखा तसाच वाजतो, त्यात काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. समोर स्वयंपाकघराचं दार होतं. आज पहिल्यांदाच त्या दारात कोणी उभं आहे असं मला वाटत नव्हतं. मी कधीचा उठून उभा राहिलो होतो, आणि पावलं आपणहून त्या दिशेला पडत होती.

"ठमी, खोलीबाहेर ये," मी म्हटलं. "लगेच. रेडिओ तसाच राहू दे, त्याच्याशी काही बोलू नकोस."

"अरे, झालं बोलून. मग त्यानं विचारलं, त्यांच्या मागे कोण? तीन नंबर?" ती हसली. तिला शाबासकी हवी असली की ती लहानपणापासून अशीच हसते. "हवेत दुसरं कोणीच नव्हतं, मामा. आणि तूच शिकवलंयस ना, गप्प बसायचं नाही. मी म्हटलं, मी."